भूमिका उतरवून ठेवणे : शाळेतील नाट्यशिक्षक, ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ आणि ‘डाकघर’

विजय तेंडुलकरांच्या बालनाट्यांचा विषय निघाला की एक माहिती हमखास दिली जाते. सुलभा देशपांडे (१९३७–२०१६) दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. मुलांकडून बसवून घेण्यासाठी त्यांना नाटके हवी होती आणि ती त्यांनी तेंडुलकरांकडे मागितली. एवढे नोंदवून समीक्षक पुढे सरकतो. ‘इथे बाळे मिळतात’, ‘चिमणा बांधतो बंगला’, ‘चांभारचौकशीचे नाटक’ ही नावे एका ओळीत येतात, त्यांवर ‘किरकोळ लेखन’ असा शिक्का उघडपणे वा मूकपणे बसतो आणि विवेचन मोठ्या नाटकांकडे वळते. एका शिक्षिकेने नाटक मागितले, ही घटना चरित्राच्या खात्यावर जमा होते. साहित्याच्या खात्यावर तिची नोंद होत नाही.

प्रस्तुत लेखात ती नोंद साहित्याच्या खात्यावर करून पाहण्याचा माझा प्रयत्न आहे. शाळेत नाटक बसवणारा शिक्षक नेमके काय शिकवतो, हा प्रश्न शिक्षणशास्त्राचा म्हणून आपण सोडून देतो. माझ्या मते तो नाट्यसमीक्षेचाही प्रश्न आहे, कारण त्याचे उत्तर काही महत्त्वाच्या नाटकांच्या पोटातच दडलेले आहे. त्यांतील दोन नाटके मी येथे शेजारी ठेवणार आहे : तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ आणि रवींद्रनाथांचे ‘डाकघर’. पहिल्याची नायिका शाळेतील शिक्षिका आहे आणि रंगभूमीवर ती प्रथम साकार केली ती सुलभा देशपांडे यांनीच. दुसऱ्या नाटकात शाळा कोठेही नाही. तरीही बालकांच्या नाट्यशिक्षणाविषयी भारतीय साहित्यात इतके सूक्ष्म लेखन मला दुसरे दिसलेले नाही.

प्रथम एक भेद स्पष्ट करावयास हवा. मराठीत ‘बालरंगभूमी’ हा शब्द आपण दोन वेगळ्या व्यवहारांसाठी वापरतो. १९५९ मध्ये सुधा करमरकर यांच्या ‘लिटल थिएटर’ने रत्नाकर मतकरींचे ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणले, तेव्हा मराठी मूल तिकीट काढून नाटकाला जाणारा प्रेक्षक झाले. ही घटना मोठीच होती. राक्षस, चेटकीण, झगमगते नेपथ्य यांची एक परंपरा तेथून उभी राहिली आणि तीत मोठी माणसे मुलांसाठी नाटक करू लागली. शाळेतील नाटकाचा व्यवहार नेमका उलट्या दिशेचा आहे. तेथे मूल रंगमंचावर असते आणि मोठी माणसे समोरच्या खुर्च्यांवर. बालरंगभूमीच्या इतिहासात पहिल्या व्यवहाराला पाने मिळाली. दुसऱ्याच्या वाट्याला ‘स्नेहसंमेलन’ हा किंचित उपहासाने उच्चारला जाणारा शब्द आला. त्या उपहासाला कारणे नाहीत असे नाही. पाठ केलेली भाषणे, विंगेतून ऐकू येणारा प्रॉम्प्टरचा आवाज, शेवटी प्रमुख पाहुण्यांना अपेक्षित असलेला बोध, हे सारे आपण सर्वांनी सोसले आहे. पण या व्यवहाराची परीक्षा प्रयोगाच्या संध्याकाळवरून करणे हीच मुळात चूक होय. त्याचा गाभा तालमीत असतो, आणि तालीम छापली जात नाही.

सहावी-सातवीतील मूल तालमीत काय करते? ते दुसरे कोणी होऊन पाहते, आणि तालीम संपली की ते होणे बाजूला ठेवून दप्तर उचलते. यातील पहिल्या अर्ध्याविषयी, म्हणजे ‘दुसरे होण्या’विषयी, पुष्कळ लिहिले गेले आहे. सहानुभाव, कल्पनाशक्ती, आत्मविश्वास हे शब्द त्या संदर्भात झिजून गुळगुळीत झाले आहेत. दुसऱ्या अर्ध्याकडे मात्र कोणी फारसे पाहत नाही. वास्तविक चांगल्या नाट्यशिक्षकाचे सारे कसब तेथेच पणास लागते. वर्गातील दांडगट मुलाला गुलाम करायचे आणि ज्याला कोणी खेळात घेत नाही त्याला राजा करायचे, हे कोणासही सुचेल. परंतु तालमीनंतर राजा परत वर्गात जातो तेव्हा त्याची थट्टा होऊ नये, आणि गुलामाने राग धरू नये, यासाठी जी नजर लागते ती शिक्षकाची असते. भूमिका घेता येणे ही कला आहे. भूमिका उतरवून ठेवता येणे ही नीती आहे. शाळेतील नाट्यशिक्षक ही दुसरी गोष्ट शिकवतो, आणि बहुतेक वेळा आपण ती शिकवीत आहोत असे तो म्हणतही नाही.

या शिक्षणात कुटुंब ओढले जाते ते केवळ प्रेक्षक म्हणून नव्हे. मध्यमवर्गीय मराठी घरात शाळेच्या नाटकाचा प्रवेश आधी एक अडचण म्हणून होतो. संध्याकाळी उशीर होतो, सहामाही तोंडावर असते, आईची ठेवणीतली साडी राजवाड्याच्या पडद्यासाठी मागितली जाते. घरात मूल संवाद घोकू लागते आणि धाकटे भावंड ते त्याच्याआधी पाठ करते. मग प्रयोगाच्या दिवशी आईवडील सभागृहात बसतात आणि आपले मूल त्यांना अनोळखी दिसते. ज्याला आपण ‘हा लाजाळू’, ‘ही हट्टी’ अशा एका विशेषणात बंदिस्त केले होते, ते मूल तेथे दुसरेच काही असू शकते, याची ती साक्ष असते. घरानेही मुलाला एक भूमिका दिलेली होती आणि ती कधी उतरवू दिली नव्हती, हे पालकांच्या ध्यानात त्या क्षणी येते किंवा येत नाही. येते तेव्हा शिक्षकाचे काम घरापर्यंत पोचलेले असते. पुढे ‘आविष्कार’च्या ‘चंद्रशाला’ या बालविभागात सुलभाबाईंनी मुलांसोबत केलेल्या कामाचे, विशेषतः ‘दुर्गा झाली गौरी’ या नृत्यनाट्याचे, महत्त्व मला याच ठिकाणी दिसते. नाटकातील दुर्गा हट्टी आहे आणि ती गौरी होते, एवढा कथाभाग बोधकथेचा वाटेल. पण मुलांच्या अनेक पिढ्यांनी तो खेळला तेव्हा दुर्गा आणि गौरी ही एकाच मुलीत वसणारी दोन रूपे आहेत, हे कथानकाने सांगितले त्याहून अधिक तालमींनी सांगितले असणार.

आता ‘शांतता!’कडे वळू. तेंडुलकरांनी हे नाटक ‘रंगायन’साठी लिहिले, १९६७ मध्ये अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली ते रंगमंचावर आले आणि १९७१ मध्ये सत्यदेव दुबे यांनी त्यावर चित्रपट केला. दोन्हींतील लीला बेणारे सुलभा देशपांडे यांची होती. बेणारेबाईंवर झालेले विपुल लेखन स्त्रीप्रश्न, मध्यमवर्गीय दांभिकता आणि हिंसा या तीन खांबांवर उभे आहे व ते योग्यच आहे. परंतु बेणारे शिक्षिका आहे, हे त्यात व्यवसायाच्या रकान्यात भरलेल्या माहितीसारखे येते. नाटक मात्र तसे म्हणत नाही. पहिल्या अंकात, इतर मंडळी येण्यापूर्वी, ती सामंतांशी बोलते ते प्रामुख्याने शाळेविषयी. पहिली घंटा होते तेव्हा ती शाळेत असते, वर्गातली मुले या मोठ्यांपेक्षा बरी, शिकवण्यात तिने जीव ओतला आहे. ती गाते, सहकाऱ्यांच्या नकला करते, आवाज बदलते. म्हणजे रंगमंचावर ती एकटीच अशी आहे की, जी क्षणात कोणी होते आणि क्षणात परत स्वतः होते. हे वर्गात मुरलेले अंग आहे. मुलांसमोर रोज उभे राहणाऱ्या बाईचे हे कौशल्य सुलभाबाईंनी अभिनयातून ‘दाखवले’ असे म्हणण्यापेक्षा ते त्यांच्यापाशी होतेच, असे म्हणणे मला अधिक रास्त वाटते. (अभिनेत्रीचे चरित्र भूमिकेवर लादू नये हा समीक्षेचा संकेत मला ठाऊक आहे. येथे तो थोडा बाजूला ठेवल्याशिवाय काही दिसत नाही.)

मग बाकीची मंडळी येतात आणि खेळ सुरू होतो. हा खेळ का सुरू होतो, याकडे समीक्षेचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. रात्रीच्या प्रयोगात अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावरचा अभिरूप खटला आहे आणि त्यात सामंतांना ऐनवेळी उभे करायचे आहे. सामंतांनी कोर्ट कधी पाहिलेले नाही. त्यांना कोर्ट म्हणजे काय हे समजावे म्हणून ही रंगीत तालीम. दुसऱ्या शब्दांत, नाटकातील सारा हिंस्र व्यवहार एका नाट्यपाठातून जन्माला येतो. काही अनुभवी हौशी नट एका नवख्याला नाटक शिकवू पाहतात, आणि त्यांच्यातील जी एकमेव व्यक्ती पेशाने शिक्षक आहे, तिला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतात. शिकणारा सामंत साक्ष देतो ती वाचनात असलेल्या पुस्तकातील मजकुराच्या आधाराने; आणि ती उसनी साक्ष खरी ठरते. वाईट नाट्यशिक्षणाचे यापेक्षा नेमके चित्र कोणी रेखाटले असेल असे वाटत नाही. येथे कोणालाही भूमिका उतरवता येत नाही. काशीकर न्यायाधीश होतात ते होऊनच राहतात. सुखात्मे वकील म्हणून बाहेर अपयशी आहेत, म्हणून आत वकिली सोडवत नाहीत. खेळ संपल्यावर दप्तर उचलायला सांगणारे तेथे कोणी नाही. ते सांगू शकली असती ती बाई आरोपी आहे.

कुटुंबाचा धागाही येथे आहे. काशीकर दांपत्याने बाळू रोकडे याला वाढवले, शिकवले, आणि त्याची किंमत ते रोज वसूल करतात. वयाने मोठा झालेला हा पुरुष त्यांच्या लेखी ‘बाळू’च आहे. त्याला एक भूमिका मिळाली आहे आणि ती कधी उतरवायची नाही, या अटीवर त्याचे अन्न चालले आहे. त्याच काशीकरांच्या तोंडी पुढे बेणारेला शाळेतून काढून टाकण्याची वार्ता येते आणि पुढच्या पिढीच्या नीतीची काळजीही. पालक, संस्थाचालक, न्यायाधीश या तिन्ही भूमिका एका माणसात गोठलेल्या आहेत. ज्या मुलांच्या नावाने हे चालले आहे ती रंगमंचावर कधीच येत नाहीत. बेणारेच्या शेवटच्या स्वगतात मात्र ती आहेत : त्या कोवळ्या जिवांपासून तिने स्वतःचे दुःख दूर ठेवले, असे ती सांगते. म्हणजे वर्गाच्या दारात ती रोज एक भूमिका उतरवून दुसरी घेत होती. तिच्यावर सर्वांत मोठा आरोप ज्या गोष्टीचा आहे, तीत ती निष्णात होती आणि प्रामाणिक होती.

महाराष्ट्राबाहेर हे नाटक अनुवादातून शिकवताना एका बंगाली विद्यार्थिनीने मला विचारले होते की, या सभागृहात ठाकुरदा का नाहीत? प्रश्न मला तेव्हा भाबडा वाटला. नंतर ‘डाकघर’ पुन्हा वाचले आणि माझे मत बदलले.

‘डाकघर’ रवींद्रनाथांनी १९११ मध्ये लिहिले; ते १९१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधी शांतिनिकेतनच्या मुलांसाठी ‘शारदोत्सव’ (१९०८) लिहिले गेले होते. तेथे कवी आणि शाळेत नाटक बसवणारा शिक्षक एकच होता, म्हणून नाटक मागायला कोणाला कोणाकडे जावे लागले नाही. ‘डाकघर’मधील अमल आजारी आहे, शास्त्राधारे वैद्याने त्याला बाहेर जाण्यास मनाई केली आहे, आणि त्याला दत्तक घेतलेला माधव दत्त त्या आज्ञेपुढे भीतीने वाकला आहे. ही मृत्यूविषयीची रूपककथा आहे असे सामान्यतः म्हटले जाते. मला ती आधी खिडकीत बसलेल्या एका नटाची कथा वाटते. दहीवाला जातो, आणि अमलला दहीवाला व्हायचे असते. तो त्याची आरोळी शिकून घेतो. दहीवाल्याला आपल्याच धंद्यात सुख असल्याचा साक्षात्कार त्या मुलाकडून होतो. मुले येतात तेव्हा अमल आपली खेळणी त्यांना देऊन टाकतो, अट एकच : माझ्या खिडकीसमोर खेळा. म्हणजे तो आता दिग्दर्शकही आहे.

आणि मग ठाकुरदा. ते फकीर होऊन येतात, क्रौंचद्वीपाच्या गोष्टी सांगतात. माधव त्यांना ओळखतो. ठाकुरदा त्याला गप्प राहण्याची खूण करतात. या एका खुणेत घराला खेळात सामील करून घेण्याची सारी कला आहे. माधव खेळत नाही, पण खेळ मोडतही नाही, आणि पालकाकडून शिक्षकाची याहून अधिक अपेक्षा नसते. यानंतर येतो मोडल, गावचा मुखिया. राजाचे पत्र आले म्हणून तो अमलच्या हाती कोरा कागद देतो. ही क्रूर थट्टा आहे. एका आजारी मुलाच्या आशेवर केलेला अभिरूप खटलाच म्हणा. ठाकुरदा तो कोरा कागद पाहतात आणि होय, हे राजाचेच पत्र आहे, असे सांगतात. पुढे राजवैद्य खरोखर येतो, दारे-खिडक्या उघडायला लावतो आणि मोडलला बाहेर घालवू पाहतो, तेव्हा अमलच त्याची बाजू घेतो : त्यानेच तर पत्र आणले. क्रूर माणसाने नकळत घेतलेली दूताची भूमिका मुलाने त्याला सन्मानाने बहाल केली.

दोन नाटके आता समोरासमोर येतात. ‘शांतता!’मध्ये खेळ म्हणून सुरू झालेली गोष्ट क्रौर्यात रूपांतरित होते. ‘डाकघर’मध्ये क्रौर्य म्हणून सुरू झालेली गोष्ट खेळात, आणि खेळातून सत्यात, जाते. दोहोंतील फरक ठाकुरदांच्या असण्या-नसण्याचा आहे. १९१७ मध्ये कोलकात्यात जोडासांकोच्या वाड्यात ‘डाकघर’चा प्रयोग झाला, तेव्हा ठाकुरदांची भूमिका स्वतः रवींद्रनाथांनी केली होती. काँग्रेस अधिवेशनासाठी आलेल्या ज्या पाहुण्यांनी तो पाहिला त्यांत गांधीजींबरोबर टिळकही होते. खिडकीतल्या त्या मुलाकडे पाहताना मंडालेहून परतलेल्या लोकमान्यांच्या मनात काय आले असेल, हा प्रश्न मराठी अभ्यासकाला पडल्यावाचून राहत नाही.

परंतु ठाकुरदा नेहमी कवीच असतो असे नाही. १८ जुलै १९४२ रोजी वॉर्साच्या ज्यू वस्तीत, नाझींनी उभारलेल्या भिंतीआड, यानुश कोरचाक यांच्या अनाथाश्रमातील मुलांनी ‘डाकघर’ केले. मुले उपाशी होती. प्रयोगाच्या आदल्या रात्री आश्रमात अन्नातून विषबाधा झाली होती. तरी प्रयोग झाला. चारच दिवसांनी, २२ जुलैला, वस्तीतील लोकांची पाठवणी सुरू झाली आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कोरचाक, त्यांच्या सहकारी स्तेफानिया विल्चिन्स्का व सुमारे दोनशे मुले ट्रेब्लिंकाच्या गाडीत चढवली गेली. टागोर आणि कोरचाक या दोन नावांभोवती या प्रयोगाविषयी जगभर लिहिले गेले आहे. मुलांना मृत्यूचा स्वीकार करता यावा म्हणून हे नाटक निवडले, असे कोरचाक म्हणाल्याचे सांगतात. नाटक बसवले मात्र एस्तेरका विनोग्रोन या तरुणीने. ती विज्ञानाची विद्यार्थिनी होती, आश्रमात स्वेच्छेने काम करीत होती आणि कोरचाक यांना मुलांच्या शुश्रूषेत मदत करीत होती. मुलांच्या आधी, त्या पहिल्याच दिवसांत, तीही पकडली गेली. या प्रयोगावरील बहुतेक लेखनात तिच्या वाट्याला एक वाक्य येते. छबिलदासच्या शिक्षिकेला मराठी समीक्षेत मिळते त्याहून ते लांब नसते.

कोरचाक यांच्या दैनंदिनीत प्रयोगानंतर एक नोंद आहे. कालच्या नटांनी आपापल्या भूमिका आजही पुढे चालू ठेवल्या तर काय होईल, असे ते स्वतःशी विचारतात : फकीर झालेला मुलगा फकीरच राहिला, वैद्य झालेला वैद्यच. या नोंदीपाशी माझे वरचे विधान अडखळते, हे मान्य केले पाहिजे. भूमिका उतरवून ठेवणे ही नीती आहे असे मी म्हटले ते उतरून परत जाण्यास एक घर, एक वर्ग, एक दप्तर आहे असे गृहीत धरून. ज्या मुलांना परत जाण्याजोगे आयुष्यच उरलेले नाही, त्यांच्या बाबतीत भूमिकेतच राहू देणे ही शिक्षकाची दया ठरू शकते. कोरचाक यांनी प्रश्न विचारला, उत्तर लिहिले नाही. काशीकर न्यायाधीशाच्या भूमिकेतून उतरत नाहीत आणि वॉर्सातला मुलगा फकिराच्या भूमिकेतून उतरू नये असे त्याच्या शिक्षकाला वाटते. या दोन ‘न उतरण्यां’ना एकाच सिद्धांतात बसवणे मला साधलेले नाही, आणि तसे ते साधले तर त्या सिद्धांताविषयी मला शंकाच येईल. एवढे मात्र दिसते की, पहिल्यात भूमिका सत्ता देते आणि दुसऱ्यात ती फक्त आडोसा देते. हा फरक ओळखण्यास संहिता पुरत नाही. तालमीत कोण उभे होते, हे ठाऊक असावे लागते.

बालनाट्याचा अभ्यास करणाऱ्यांनी म्हणूनच संहितांच्या यादीबरोबर तालमींचाही मागोवा घेतला पाहिजे. ज्यांनी शाळेत नाटके केली ती माणसे आज साठी-सत्तरीत आहेत. नाटक कोणी मागितले, कोणी बसवले, घरी काय झाले, हे त्यांना विचारता येण्याजोगे आहे. १९७४ पासून छबिलदासच्या सभागृहात ‘आविष्कार’ने चालवलेल्या प्रायोगिक चळवळीविषयी आपण भरभरून लिहितो. ते सभागृह मुळात एका शाळेचे होते, याचा अर्थ जागेच्या सोयीपुरता होता की त्याहून अधिक, हेही त्या निमित्ताने तपासता येईल.

दोन्ही नाटकांच्या अखेरीस एक व्यक्ती निश्चल पडलेली आहे आणि कोणीतरी तिच्याजवळ एक लहानशी वस्तू ठेवू पाहते. अमल झोपला आहे. सुधा फुले घेऊन येते, आणि आपण त्याला विसरलो नाही हे त्याच्या कानात सांगा, असा निरोप देते. बेणारे निपचित पडली आहे. सगळे रात्रीच्या प्रयोगाच्या तयारीस निघून जातात. सामंत, ज्याला नाटक शिकवण्यासाठी हे सारे घडले तो सामंत, घुटमळतो. पुतण्यासाठी विकत घेतलेला हिरवा कापडी पोपट तो हलकेच तिच्याजवळ ठेवतो आणि जातो. मग तिच्या आवाजातले चिमणी-पोपटाचे बालगीत कोठून तरी ऐकू येऊ लागते. ती हललेली नसते.